न गायलेलं गाणं : अहमेत काया आणि कुर्दी भाषेची हद्दपारी

एका पुरस्कार समारंभाचं जुनं चित्रीकरण मी गेल्या वर्षभरात किती वेळा पाहिलं, त्याचा हिशेब उरलेला नाही. तारीख 10 फेब्रुवारी 1999, स्थळ इस्तंबूल. मनोरंजन-पत्रकारांच्या संघटनेचा वार्षिक सोहळा आहे. गोल टेबलांभोवती गायक, नट, निर्माते, संपादक बसले आहेत. जेवणं चालू आहेत. दाढीवाला, भरदार देहाचा एक गायक पुरस्कार घ्यायला उठतो. मला तुर्की येत नाही, कुर्दीही येत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो काय बोलला ते कळलं नाही; पण सभागृहाचा चेहरा कसा बदलत गेला ते भाषेवाचूनही कळलं.

गायकाचं नाव अहमेत काया. त्याने हा पुरस्कार मानवाधिकार संघटनेच्या वतीने आणि ‘शनिवारच्या मातां’च्या वतीने स्वीकारत असल्याचं सांगितलं. पोलिसांनी उचलून नेलेली आपली मुलं कुठे आहेत, असं विचारत या स्त्रिया 1995पासून दर शनिवारी इस्तंबूलच्या गलातासराय चौकात बसत. मग त्याने पुढचं वाक्य उच्चारलं : येत्या ध्वनिमुद्रिकेत मी एक कुर्दी गाणं गाणार आहे, त्याची चित्रफीतही करणार आहे, आणि ती दाखवण्याचं धैर्य असलेली दूरदर्शन वाहिन्यांवरची माणसं इथे आहेत हे मला ठाऊक आहे.

एवढंच. गाणं त्याने म्हटलं नाही, फक्त गाणार असल्याचं जाहीर केलं. आरडाओरडा सुरू झाला, शिव्या आल्या, मग काटे-सुऱ्या भिरकावल्या गेल्या. सेरदार ओर्ताच या तरुण पॉप गायकाने मंचावर जाऊन आपल्या गाण्याचे शब्द बदलून देशभक्तीचे केले. पाठोपाठ सभागृहाने प्रजासत्ताकाच्या दहाव्या वर्धापनदिनासाठी 1933 साली रचलेलं संचलनगीत उभं राहून म्हटलं. काया आणि त्याची पत्नी ग्युल्तेन यांना गराड्यातून बाहेर काढावं लागलं. चार महिन्यांनी त्याने देश सोडला, तो परतलाच नाही.

न गायलेल्या एका गाण्याला एवढी किंमत का पडावी, हा या लेखाचा प्रश्न आहे.

गाणारा कोण होता?

काया काही कुर्दी गायक म्हणून प्रसिद्ध नव्हता, हे आधी लक्षात घ्यायला हवं. त्याची सारी कारकीर्द तुर्की भाषेत झाली. त्याचा जन्म 1957 साली पूर्व अनातोलियातल्या मालात्या शहरात, कापडगिरणीत काम करणाऱ्या कुर्दी वडिलांच्या घरी झाला. लहानपणीच हातात साझ आलं. हे लांब मानेचं तंतुवाद्य अनातोलियातल्या लोकगायकाचा जणू तिसरा हात असतं. पुढे कुटुंब इस्तंबूलला आलं. पोटासाठी खेड्यातून महानगरात आलेल्या लाखो घरांपैकी ते एक होतं.

ते लोंढे आपल्यासोबत एक संगीतही घेऊन आले. त्याला ‘अराबेस्क’ म्हणत : अरबी वळणाचं, दुःखाने ओथंबलेलं, नशिबाला बोल लावणारं. प्रतिष्ठित मंडळी नाक मुरडून त्याला ‘दोल्मुश संगीत’ म्हणत. दोल्मुश म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखी, माणसं कोंबून धावणारी गाडी. सरकारी रेडिओ-दूरदर्शनने या संगीताला बराच काळ दाराबाहेर ठेवलं. दुसरीकडे डाव्या चळवळीची गाणी होती, कवितेच्या अंगाने जाणारी, मूठ वळलेली. त्या गाण्यांत रडायला जागा नव्हती आणि अराबेस्कमध्ये प्रश्न विचारायला.

कायाने हे दोन प्रवाह एकत्र आणले. सप्टेंबर 1980च्या लष्करी उठावानंतर तुरुंग भरले होते, घराघरांत कुणी ना कुणी आत होतं. 1985 साली त्याची पहिली ध्वनिफीत आली. दुसऱ्याच वर्षी ‘शफाक त्युर्क्युस्यु’ म्हणजे ‘पहाटेचं गाणं’ आलं. नेव्झात चेलिक या फाशीच्या सावलीत तुरुंगात बसलेल्या तरुण कवीची ती कविता. कायाच्या जाडसर, किंचित घोगऱ्या आवाजात ती घरोघरी पोहोचली. अतिला इल्हानसारख्या मान्यवर कवीच्या रचनांना त्याने चाली दिल्या. ग्युल्तेनचा भाऊ यूसुफ हयालोलु याने त्याच्यासाठी गीतं लिहिली. 1990नंतर खासगी वाहिन्या आल्या आणि सरकारी माध्यमाचा पहारा सुटताच हा आवाज लोकप्रियतेच्या शिखरावर गेला. 1994च्या ‘माझी गाणी डोंगरांना’ या अर्थाच्या ध्वनिफितीचा खप प्रचंड होता.

म्हणजे 1999 साली त्या मंचावर उभा होता तो तुर्की भाषेतला एक मोठा, सगळ्यांचा गायक. तो सगळ्यांचा होता, हेच पुढे महत्त्वाचं ठरलं.

बंदी नेमकी कशावर होती?

कुर्द लोक तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागलेले आहेत. तुर्कस्तानच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा मानला जातो. त्यांची भाषा तुर्कीच्या कुळातली नाही, आपल्या कुळातली आहे. कुर्दीतले आकडे वाचताना मी थबकलो : यक, दू, से, चार, पेंज. आणि ‘नाव’ या अर्थाचा कुर्दी शब्द आहे ‘नाव’च. एवढ्या दूरच्या डोंगराळ मुलखात आपला शब्द जसाच्या तसा भेटला आणि त्याच मुलखात नाव घेण्यालाच बंदी होती.

1983 साली लष्करी राजवटीने 2932 क्रमांकाचा कायदा केला. त्याची शब्दयोजना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या राष्ट्रांच्या ‘पहिल्या अधिकृत भाषे’खेरीज इतर कोणत्याही भाषेत विचार प्रकट करण्यास त्याने मनाई केली. कुर्दीचा उल्लेख कुठेही नाही. ‘पहिल्या’ या विशेषणाची गरज पडली, कारण शेजारच्या इराकमध्ये अरबीच्या जोडीने कुर्दीलाही अधिकृत स्थान होतं. ज्या भाषेसाठी कायदा केला तिचं नावही घ्यायचं नाही, अशी ही कारागिरी. सर्व तुर्की नागरिकांची मातृभाषा तुर्की आहे, असंही याच कायद्याने ठरवून टाकलं.

पण गाणं काही थांबलं नाही. शिवान परवेर हा उर्फा भागातला तरुण गायक 1976 सालीच देश सोडून जर्मनीत गेला होता. तिथे त्याने कुर्दी गाणी मुद्रित केली, आणि त्या ध्वनिफिती हातोहात, सामानात दडवून तुर्कस्तानात परत आल्या. घराच्या खिडक्या लावून, आवाज लहान करून त्या ऐकल्या गेल्या. गायक देशाबाहेर होता, पण त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत होता. बंदीच्या काळात कुर्दी गाणं टिकलं ते असं, परदेशात गायलं गेलं आणि घरात चोरून ऐकलं गेलं.

1991 साली तो कायदा रद्द झाला. म्हणजे 1999 साली कुर्दी गाणं मुद्रित करणं गुन्हा नव्हता! इथे बरेच लेख गोंधळ करतात. ध्वनिफितींवर बंदी उरली नव्हती. अडसर प्रसारणावर होता. 1994च्या प्रसारण कायद्याने कार्यक्रम तुर्कीतच असावेत असं बंधन घातलं. सवलत होती ती वैश्विक संस्कृती आणि विज्ञान घडवण्यात वाटा असलेल्या भाषांना. इंग्रजी त्यात बसे, कुर्दी बसत नसे.

आता कायाचं ते वाक्य पुन्हा वाचा. मी कुर्दी गाणं गाईन, एवढं म्हणून तो थांबला असता तर कायद्याने त्याला फारसं काही करता आलं नसतं. पण त्याने चित्रफितीची गोष्ट काढली, ती दाखवणारे या खोलीत आहेत असं म्हटलं. शिवान परवेरचं गाणं खिडक्या लावून ऐकायचं होतं. काया म्हणत होता, तेच गाणं दिवाणखान्यात, सगळ्या देशासमोर, तुर्की गाण्यांच्या रांगेत लागू दे. परदेशातून कुणी कुर्दीत गातो, त्याला फुटीर म्हणून मोकळं होता येतं. ज्याची गाणी आपण स्वतः लग्नात आणि प्रवासात गुणगुणलो, तो जेव्हा म्हणतो की मी हाही आहे, तेव्हा त्याचं काय करायचं हे त्या सभागृहाला कळेना.

त्या रात्रीच्या संतापाला संदर्भ होता, हेही सांगायला हवं. 1984पासून आग्नेय तुर्कस्तानात सशस्त्र कुर्दी संघटना आणि लष्कर यांच्यात युद्ध चालू होतं. तीस हजारांहून अधिक माणसं मेली होती. सैनिकांच्या शवपेट्या गावोगाव येत होत्या आणि कुर्दी खेडी ओस पडत होती. संघटनेचा नेता अब्दुल्ला ओजलान देशोदेशी आसरा शोधत फिरत होता. त्या समारंभानंतर पाचच दिवसांनी तो नैरोबीत पकडला गेला. वातावरण पेटलेलं होतं. तरीही काटे-सुऱ्या फेकणारे कुणी सैनिक नव्हते, पोलिसही नव्हते. ते कायाचे व्यवसायबंधू होते, त्याच्याबरोबर रोज उठबस असलेले कलावंत. राज्यसंस्थेला तिथे काही करावंच लागलं नाही.

सतरा महिने

पुढे सारं ठरल्यासारखं घडलं. वृत्तपत्रांनी 1993च्या बर्लिनमधल्या एका मैफलीचं प्रकरण उकरून काढलं. राज्य सुरक्षा न्यायालयात खटले उभे राहिले. 16 जून 1999 रोजी काया फ्रान्सला निघून गेला. मार्च 2000मध्ये त्याच्या अनुपस्थितीत न्यायालयाने त्याला तीन वर्षं नऊ महिन्यांची शिक्षा सुनावली.

पॅरिस हे कुर्दी निर्वासितांचं जुनं ठिकाण होतं. तिथे 1983पासून कुर्दी संस्था होती. कानच्या महोत्सवात सर्वोच्च सन्मान मिळालेल्या ‘योल’चा कर्ता यिलमाझ ग्युने 1984 साली निर्वासित म्हणून तिथेच वारला होता. पण कायाचं दुःख वेगळं होतं. शिवानचा श्रोता युरोपातही होता, कारण त्याची भाषा तिथल्या स्थलांतरित कुर्दांची होती. कायाचा श्रोता इस्तंबूलच्या दोल्मुशमध्ये होता. तो ज्या भाषेत लिहीत-गात होता तिचंच घर त्याला बंद झालं होतं.

16 नोव्हेंबर 2000 रोजी, देश सोडल्याला बरोबर सतरा महिने झाले असताना, हृदयविकाराच्या झटक्याने तो पॅरिसमध्ये मरण पावला. वय त्रेचाळीस. ग्युने ज्या पेर लाशेझ दफनभूमीत आहे, तिथेच त्यालाही पुरलं.

शेवटची ध्वनिमुद्रिका 2001 साली, त्याच्या मागे आली. तिच्या नावातला निरोपाचा शब्द आहे ‘होश्चाकालन’. तुर्कीत निरोपाचे दोन शब्द आहेत : राहणारा म्हणतो ‘हसत जा’, आणि जाणारा म्हणतो ‘सुखात राहा’. हा दुसरा. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात; ते वचन देण्याची सोय या शब्दात नाही. ध्वनिमुद्रिकेत ते कुर्दी गाणंही आहे : ‘कारवान’. आपल्या कानावरचाच शब्द. कुर्दीत तो लिहिताना जे ‘डब्ल्यू’ अक्षर लागतं, ते तुर्की वर्णमालेत नाही. तुर्कीत त्याचं ‘केरवान’ होतं. ‘क्यू’, ‘एक्स’ आणि ‘डब्ल्यू’ या तीन अक्षरांपायी कुर्दी मुलांच्या नावांची नोंदणी नाकारली जात असे. 2013 साली सरकारने ही अक्षरं मोकळी करण्याची घोषणा केली.

नंतरची गोष्ट

कायदे पुढे बदलत गेले. 2004 साली सरकारी वाहिनीवर आठवड्यातून अर्धा तास कुर्दी ऐकू येऊ लागली. 1 जानेवारी 2009 रोजी सरकारने स्वतःचीच पूर्णवेळ कुर्दी वाहिनी काढली. ज्या प्रसारणाची इच्छा बोलून दाखवल्यावर काया परागंदा झाला, ते दहा वर्षांत सरकारी खर्चाने सुरू झालं. 2013 साली राष्ट्राध्यक्षांचा संस्कृती व कला महापुरस्कार त्याला मरणोत्तर दिला गेला. त्याच वर्षी शिवान परवेर सदतीस वर्षांनी मायदेशी परतला आणि दियारबाकिरमध्ये पंतप्रधान एर्दोआन यांच्या उपस्थितीत गायला. तारीख होती 16 नोव्हेंबर, कायाच्या मृत्यूचा दिवस. काही कुर्दांना हे पुनर्मीलन वाटलं. काहींना आपल्या गायकाने सरकारच्या मंचाची शोभा वाढवली असं वाटलं. दोन वर्षांत शांततेची बोलणी फिसकटली, तेव्हा त्या दुसऱ्या मताला बळ आलं.

इथे लेख संपवता आला असता : अन्याय झाला, काळाने तो दुरुस्त केला. पण मध्ये एक नोंद आहे. जुलै 2011मध्ये, म्हणजे सरकारी कुर्दी वाहिनी सुरू होऊन अडीच वर्षं झाली असताना, इस्तंबूलच्या जॅझ महोत्सवात आयनुर दोआन ही गायिका कुर्दीत गाऊ लागली. प्रेक्षकांतल्या काहींनी हुर्यो केली, बसायच्या गाद्या फेकल्या आणि राष्ट्रगीत सुरू केलं. तिला मंच सोडावा लागला. मे 2022मध्ये तिची देरिंजे इथली मैफल तिथल्या नगरपालिकेने ऐनवेळी रद्द केली. आयनुर आता अॅमस्टरडॅममध्ये राहते.

2011चं चित्रीकरणही मी पाहिलं. 1999च्या शेजारी ठेवून पाहिलं. पहिल्या वेळी कायदा सभागृहाच्या बाजूने होता, दुसऱ्या वेळी गायिकेच्या. सभागृहाच्या वागण्यात मला फारसा फरक दिसला नाही. भाषेला वाहिनी देता येते, निधी देता येतो, पुरस्कारही देता येतो, आणि हे सारं राजपत्रातल्या एका पानाने होतं. पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाने आपल्या घरची भाषा काढली तर हातातला काटा खाली ठेवायचा, हे कोणत्याही राजपत्राने होत नाही. ते त्या टेबलावर बसलेल्यांनाच करावं लागतं.

मग मी ‘कारवान’ लावलं. या वेळी खिडकी उघडी ठेवली.