सरडा उन्हांत कां बसतो?

थंडीच्या दिवसांत सकाळीं शाळेच्या कुंपणावर ऊन खात बसलेला सरडा तुम्हीं पाहिला असेल. त्या वेळीं तो लवकर पळत नाहीं. म्हणून कांहीं मुलें त्यास आळशी समजतात व त्याजवर दगड उगारतात. परंतु हा आळस नव्हे. तो तेथें कां बसतो हें कळल्यास उगारलेला हात आपोआप खालीं येईल.

मनुष्य, गाय, चिमणी हे प्राणी खाल्लेल्या अन्नापासून शरीरांतच उष्णता निर्माण करितात. पौषांतील पहांट असो कीं वैशाखांतील दुपार असो, आपल्या शरीराचें उष्णतामान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतें. सरडा, साप, बेडूक यांस ही सोय नाहीं. त्यांस आपण थंड रक्ताचे प्राणी म्हणतों. पण हें नांव फसवें आहे. तापलेल्या खडकावरील सरड्याचें रक्त आपल्या रक्ताइतकें ऊनही असूं शकतें. हे प्राणी उष्णता बाहेरून उसनी घेतात, इतकेंच.

शरीराचीं सर्व कामें रासायनिक क्रियांनीं चालतात, आणि उष्णतामान १० अंशांनीं वाढलें कीं अशा बहुतेक क्रियांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. म्हणूनच गारठलेल्या सरड्याचे स्नायू मंदावतात, आणि गारठलेल्या सापास गिळलेलें भक्ष्य न पचल्यामुळें कधीं कधीं ओकून टाकावें लागतें. उलट फार उष्णताही घातक. यास्तव ऊन चढतांच सरडा सावलींत शिरतो. या उसनवारींत लाभही आहे. उष्णतेसाठीं अन्न जाळावें लागत नसल्यामुळें, तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या सुमारें दशमांश अन्नावर त्याचा निर्वाह होतो.

याहून नवल आजारपणाचें. आपणांस ताप आंतून चढतो. सरडा तो उन्हांतून मिळवितो. १९७४ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं इग्वाना जातीच्या वाळवंटी सरड्यांस रोगजंतु टोंचले, तेव्हां त्यांनीं नेहमींपेक्षां सुमारें २ अंश अधिक ऊब निवडली. पुढें १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जिवंत जंतु टोंचलेले सरडे निरनिराळ्या उष्णतामानांत ठेवले होते. ३४ अंशांत ठेवलेल्यांपेक्षां ४० व ४२ अंशांत ठेवलेले पुष्कळच अधिक जगले.

तेव्हां कुंपणावरील तो सरडा कदाचित् न्याहारी पचवीत असेल, कदाचित् दुखण्याशीं झुंजत असेल. त्यास तेथून हुसकणें म्हणजे आजाऱ्याच्या अंगावरील पांघरूण ओढून घेणेंच होय.