ताव द्यावा, पण मोजून



आसवनीसाठी स्टेनलेस स्टीलची दाबाची टाकी घेण्याचा विषय वार्षिक सभेत निघाला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "झाकण ते झाकण. ते तापवायचं काय अन् तपासायचं काय? तो पैसा उसाच्या दरात टाका की!" खरे सांगतो, माझ्याही मनात तेच होते. मी शेतीचा पदविकाधारक, माझा संबंध बेण्याशी. म्हणून मुख्य अभियंत्यांकडे बसून समजून घेतले, ते आपणापुढे ठेवतो.

टाकीच्या टोकांना बशीसारखी फुगीर झाकणे असतात, त्यांना डिश एंड म्हणतात. सपाट पत्रा थंडच दाबून बशी केली की तो ताठर होतो आणि कडेच्या वळणावर पातळ पडतो. तांबट हंडा ठोकताना मधूनमधून भट्टीत घालतो, तो ह्याच कारणाने. ३०४ जातीच्या पत्र्याला लोहचुंबक सहसा चिकटत नाही, पण वळवलेल्या कडेला चिकटू लागतो. धातू आतून बदलल्याची ती खूण. अशा ताणलेल्या कडेला क्षाराचे गरम पाणी लागत राहिले तर बारीक चिरा पडू शकतात. वरून टाकी चकचकीत दिसते, आणि तिच्याजवळ पाळीवर आपलीच पोरे असतात.

लोहार विळा लाल करून पाण्यात बुडवतो, तो कडक होतो. स्टेनलेसचे उलटे आहे. ३०४ चा पत्रा १०४० अंश सेल्सिअस वा त्यावर तापवून झटकन थंड केला की तो मऊ पडतो, ताण जातो. मात्र ४५० ते ८५० अंशांत रेंगाळला तर त्यातले क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि गंज अडवण्याची ताकद घटते. म्हणून गॅसच्या ज्योतीने नुसती कड शेकणे हा उपाय नव्हे, अपाय आहे.

मग प्रत्येक डिश एंडला ताव हवाच का? नाही. अमेरिकेच्या 'आस्मे' संहितेत पत्रा किती ताणला आणि टाकी किती तापमानावर चालणार, ह्यावर ते ठरते. ३०४ साठी ही सक्ती ५८० अंशांच्या वरच सुरू होते. आपली टाकी त्याच्या कितीतरी खाली चालणार. पण क्षाराची भीती असेल तर घेणाऱ्याने ताव ऑर्डरमध्येच लिहून घ्यावा. माल आल्यावर भांडून उपयोग नाही.

तपासण्या मात्र चारही हव्यात :

१) कडेच्या वळणावर जाडी मोजणे.
२) साचा लावून आकार पाहणे. आतील व्यासाच्या सव्वा टक्क्याहून जास्त बाहेर आणि ०.६२५ टक्क्याहून जास्त आत फरक चालत नाही.
३) रंगीत द्रव लावून चिरा शोधणे.
४) पाण्याच्या दाबाची चाचणी, सर्वसाधारणपणे टाकीच्या कमाल अनुज्ञेय दाबाच्या १.३ पट. दाबलेली हवा फुटली तर स्फोट होतो, पाण्यात तो धोका फार कमी. पण बोअरचे मचूळ पाणी वापरू नये, आणि चाचणीनंतर टाकी लगेच कोरडी करावी.

गरम पाण्याच्या बेणेप्रक्रियेत आपण ५० अंश आणि दोन तास काटेकोर पाळतो. कमी पडले तर रोग राहतो, जास्त झाले तर डोळे मरतात. पोलादाचेही तसेच. तेव्हा पुढच्या सभेत टाकीची किंमत जरूर विचारा, पण तावाचा आणि चाचणीचा दाखलाही मागा. तो पाहण्याचा आपल्याला हक्क आहे.

— ऊस विकास अधिकारी