‘साहस’ आणि ‘प्रेरणा’ : आनंदीबाई जोशी यांच्या पत्रव्यवहाराच्या अनुषंगाने

साहसी व्यक्तींच्या चरित्रापासून सामान्य माणसास प्रेरणा मिळते, हे विधान आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की त्यातील दोन प्रमुख शब्दांचा परस्परसंबंध तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. वास्तविक हे दोन शब्द स्वभावतः भिन्न आहेत. ‘प्रेरणा’ या शब्दाच्या मुळाशी ‘प्र’ उपसर्गपूर्वक ‘ईर्’ हा धातू असून पुढे ढकलणे, चालना देणे हा त्याचा अर्थ आहे. जेथे प्रेरणा आहे तेथे प्रेरक आणि प्रेर्य असे दोघे गृहीतच असतात. साहसाला असा दुसरा पक्ष लागत नाही. ते एकट्याने करता येते. तेव्हा एकाचे साहस दुसऱ्याची प्रेरणा कसे होते, मधला मार्ग कोणता, हा प्रश्न उरतो. चरित्रकार बहुधा या मधल्या मार्गाकडे दुर्लक्ष करतात.

प्रथम ‘साहस’ शब्दाचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. ‘सहस्’ म्हणजे बल. बलाच्या जोरावर केलेले ते साहस. स्मृतिग्रंथांत साहस हे अठरा व्यवहारपदांपैकी एक आहे, म्हणजे तो बळजबरीचा दंडनीय अपराध आहे. दंडाच्या चढत्या प्रमाणांनाही प्रथम, मध्यम व उत्तम साहस अशीच नावे आहेत. स्त्रियांचे स्वभावदोष मोजणाऱ्या एका प्रसिद्ध सुभाषितात साहसाची गणना असत्य आणि कपट यांच्या पंक्तीस झाली आहे. शब्दाला आजची प्रतिष्ठा लाभल्यावर जुना निंदाव्यंजक अर्थ वाहून नेण्यासाठी ‘दुःसाहस’ हा निराळा शब्द सोयीचा झाला. ‘साहसवाद’ या राजकीय शब्दात मात्र तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. याच कुळातील ‘सहसा’ या अव्ययाची कथा अधिक मौजेची आहे. भारवीच्या किरातार्जुनीयातील युधिष्ठिर सहसा काही करू नये असे बजावतो, तेव्हा त्याला ‘अविचाराने, एकाएकी’ असे म्हणायचे असते. मराठीत मात्र ‘सहसा’ म्हणजे ‘बहुधा, नित्याप्रमाणे’. उतावळेपणाचा वाचक शब्द नित्यक्रमाचा वाचक झाला. शब्दाच्या बाबतीत जे घडले ते कृतीच्या बाबतीतही घडू शकते काय, हे पाहण्यास आनंदीबाई जोशी यांच्याइतके चांगले उदाहरण मराठी समाजेतिहासात क्वचितच सापडेल.

आनंदीबाईंचा जन्म 1865 सालचा. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी प्रसूती, आणि अवघ्या दहा दिवसांत मुलाचा मृत्यू, हा वृत्तान्त सर्वपरिचित आहे. त्यामानाने एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशी त्यांची बदली होत राहिली, आणि बिऱ्हाड ज्या गावी जाई तेथे पत्रांची ये-जा त्यांच्या मागोमाग जाई. 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला होता. 1876 साली ब्रिटिश हिंदुस्थान जागतिक टपाल संघात सामील झाला होता. एका कारकुनाच्या घरातून अमेरिकेस नियमित पत्र जाणे ही गोष्ट यामुळे आवाक्यात आली.

कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले. वाइल्डर यांनी धर्मांतराचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. विनंती येथेच फसली असे म्हणावयास हरकत नव्हती. परंतु छापलेले पत्र ज्याला उद्देशून लिहिले त्याच्यापुरते राहत नाही. 1880 साली न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर या गृहिणीने दंतवैद्याकडे बसल्या बसल्या तो अंक चाळला, आणि आनंदीबाईंना पत्र पाठविले. ज्या संस्थेकडून साहाय्य अपेक्षित होते तिने ते नाकारले. जिचा पत्ताही ठाऊक नव्हता अशा स्त्रीकडून ते आले. या घटनेस केवळ दैवयोग म्हणणे सोपे आहे. परंतु लेखन, मुद्रण आणि टपाल यांची साखळी जेथे सिद्ध असते तेथेच असले दैवयोग संभवतात.

या पत्रव्यवहारात आनंदीबाई कार्पेंटरबाईंना ‘आँट’ म्हणतात. इंग्रजीतील या एका शब्दाच्या जागी मराठीत आत्या, मावशी, काकू, मामी असे अनेक शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्दाबरोबर वेगळे अधिकार व वेगळे संकोच येतात. मराठी परंपरेने त्यांपैकी ‘मावशी’ हा पर्याय स्वीकारला व ‘कार्पेंटर मावशी’ हे नाव रूढ झाले. माहेरची माया आणि आईचा आधार सुचविणारे हे नाते आहे. अनोळखी स्त्रीशी व्यवहार करण्याचे शिष्टाचार तयार नव्हते. नातेवाचक शब्दाने ते एका क्षणात पुरविले. ज्याला आज ‘सामाजिक तंत्र’ म्हणतात त्यात यंत्रांइतकाच अशा संबोधनांचाही समावेश केला पाहिजे. हे नाते किती खरे ठरले ते पुढे दिसले. आनंदीबाईंची रक्षा न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली.

24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. अमेरिकेस का जाता? शिक्षणाची सोय येथे नाही काय? एकट्याच का जाता? परतल्यावर जातीबाहेर टाकले तर? संकट ओढवले तर? जे कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे? अशा सहा प्रश्नांना त्यांनी क्रमाने उत्तरे दिली. या भाषणाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. प्रश्न त्यांचे नाहीत. ते शेजाऱ्यांचे, आप्तांचे, रस्त्यावर दगड मारणाऱ्यांचे आहेत. विरोधकांचा आवाज त्यांनी आपल्या वक्तव्यात सामावून घेतला आणि आरोपाचे रूपांतर संवादात केले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना त्या कर्तव्यत्यागाच्या पापाबद्दल मनूचाच आधार घेतात. ज्या स्मृतीत साहस हा अपराध, तिच्याच आधारे आपली कृती साहस नसून कर्तव्य आहे असे त्या सिद्ध करू पाहतात. आधुनिक वाचकास ही तडजोड वाटेल. श्रोते कोण होते हे ध्यानात घेता ती तडजोड नसून श्रोत्यांना समजेल अशा भाषेत बोलण्याचा विवेक होता, असे मानणे अधिक न्याय्य होय.

7 एप्रिल 1883 रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या, 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. ज्या कार्यासाठी हे सर्व केले ते कार्य त्यांच्या हातून घडलेच नाही. केवळ फलावरून कृतीचे मूल्य ठरवावयाचे तर स्मृतिकारांच्या अर्थानेच ते साहस ठरते. म्हणून त्यांच्या पश्चात काय झाले हे पाहणे अगत्याचे आहे.

पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. त्या अमेरिकेत राहिल्या, आणि 1887 साली त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांची प्रस्तावना आहे आणि तीत आनंदीबाईंची कथा आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. गावोगावी ‘रमाबाई मंडळे’ निघाली; सभासदाने दहा वर्षे दर वर्षी ठराविक वर्गणी द्यावी अशी योजना होती. या मुदतीत खरी मेख आहे. व्याख्यान ऐकून डोळ्यांत पाणी येणे ही एका संध्याकाळची गोष्ट. दहा वर्षे वर्गणी भरणे हे नित्यकर्म. 11 मार्च 1889 रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत शारदा सदन उघडले.

आज आनंदीबाईंचे नाव बहुधा एका छायाचित्रामुळे फिरत असते. 1885 साली फिलाडेल्फियात काढलेल्या त्या चित्रात त्या, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली अशा तिघी आपापल्या देशी वेशात आहेत. भ्रमणध्वनीवरून हे चित्र क्षणार्धात लक्षावधी लोकांपर्यंत जाते. ते पाहून अचंबा वाटतो. पण त्यासोबत ते सहा प्रश्न येत नाहीत, आणि पाहणाऱ्याकडून उत्तराची अपेक्षाही नसते. कार्पेंटरबाईंनी अंक मिटून पत्र लिहावयास घेतले, हा फरक साधनाच्या वेगाने भरून निघणारा नाही.

मंडळाची शक्ती दुधारी असते हेही विसरता कामा नये. शारदा सदन पुण्यास हलविल्यानंतर मुलींच्या धर्मांतराच्या शंकेने वाद पेटला आणि 1893 साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. वाइल्डर यांच्या पत्रात जो पेच प्रथम दिसला तोच येथे उलट बाजूने उभा राहिला. त्याच वर्षी सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी, देवरुखची गोदूबाई, धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाली. सासरी तिचे नाव ‘आनंदी’ ठेवण्यात आले. साध्या घरगुती मराठीत लिहिलेले तिचे आत्मचरित्र 1944 साली प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘माझे पुराण’, आणि कंटाळवाण्या लांबणीलाही मराठीत ‘पुराण’च म्हणतात.