नऊ रात्री मुरलेला लसूण
दहाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या ‘बाल्ड्स लीचबुक’ या वैद्यकग्रंथात रांजणवाडीवर एक औषध आहे. लसूण आणि कांदा (की त्याचाच भाऊबंद लीक, यावर अभ्यासकांचं एकमत नाही) समभाग कुटायचे. त्यात वाइन आणि बैलाचं पित्त मिसळायचं. पितळी भांड्यात नऊ रात्री ठेवायचं, कापडातून गाळायचं आणि रात्री पिसानं डोळ्याला लावायचं. वाचून हसूच येतं. पण २०१५मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी हे औषध बरहुकूम बनवलं, फक्त पितळी भांड्याऐवजी काचेच्या बाटलीत पितळेचे तुकडे टाकले. अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे ‘एमआरएसए’ जंतू उंदरांच्या जखमांच्या नमुन्यांत सुमारे ९० टक्के मेले!

श्रेय एकट्या लसणाचं नव्हे. २०२०मधल्या पुढच्या अभ्यासात दिसलं, की सुटे जंतू मारायला लसणातलं ॲलिसिन पुरतं. पण जखमेवर चिकट थर करून बसलेल्या जंतूंपुढे ते तोकडं पडतं. तिथे सगळे घटक एकत्रच लागतात. घरच्या खलबत्त्यात कुटून डोळ्यात घालण्याचा उद्योग मात्र अजिबात करू नये. माणसांवर उपचार म्हणून हे औषध अजून सिद्ध झालेलं नाही.