बाग आणि बागकरी – भाग ५ : फवारा वर, माणूस खाली

मागच्या भागात बाटलीवरच्या त्रिकोणांचे रंग पाहिले. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. आज ती बाटली बागेत नेऊ. बाग वेळणेश्वरची, गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यावरची. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्यालगत माड, चढावर हापूस आणि उताराला वाडी.

फवारणीच्या सुरक्षिततेची पत्रकं बहुधा पाठीवरचा पंप आणि कमरेखालचं पीक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. औषध खाली पडतं, भिजतात ते पाय. आंब्यात सगळंच उलटं. गडी झाडाखाली उभा राहून लांब नळीची गन वर धरतो. तुषार मोहोरावर जातात आणि जे पानांवर टिकत नाही ते त्याच्याच अंगावर निथळतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो रुग्णालयात गेले. त्या हंगामात कपाशी माणसाच्या उंचीला पोचली होती आणि फवारा तोंडासमोर उडत होता, हेही एक कारण पुढे आलं. आपल्याकडे तर पीक दरवर्षीच डोक्याच्या वर असतं.

विष शिरतं ते नाकातोंडातूनच, असं धरून गडी तोंडाला रुमाल बांधतो आणि निश्चिंत होतो. पण फवारणी करणाऱ्याच्या बाबतीत मोठा दरवाजा कातडीचा आहे, आणि ती सगळीकडे सारखी नसते. कॅलिफोर्नियातल्या हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पॅराथिऑन हे कीटकनाशक माणसाच्या वेगवेगळ्या अवयवांवर लावून पाहिलं होतं. कोपराखालच्या हातापेक्षा डोक्याच्या कातडीतून ते साडेतीन पटींहून अधिक शोषलं गेलं, कपाळातून चौपट आणि वृषणाच्या कातडीतून जवळपास बारापट. आता आंब्याखालच्या माणसाकडे पाहा. थेंब पडतो डोक्यावर, उतरतो कपाळावरून मानेवर, तिथून पाठीवरून कमरेच्या नाडीपर्यंत. अर्धी चड्डी भिजते आणि ती दुपारपर्यंत अंगावरच राहते. जिथे कातडी सर्वांत पातळ, नेमकं तिथेच औषध जाऊन बसतं. रुमालाचंही तेच. एकदा ओला झाला की तो तोंडावर बांधलेला औषधाचा बोळा होतो.

म्हणून आंब्यासाठी पोशाखाचा क्रम डोक्यापासून सुरू होतो. कापडी टोपी नको. पाणी न शोषणारी, मान झाकेल एवढ्या काठाची टोपी हवी. डोळ्यांना बंद चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, त्यावर पाणी न झिरपणारा अंगरखा, पूर्ण पँट, आणि तिचे पाय गमबुटाच्या बाहेर. हातमोज्यांची गोम वेगळी आहे. खाली वाकून फवारताना बाही मोज्यावरून घ्यायची असते. हात वर करून फवारताना बाही मोज्याच्या आत घालायची आणि मोज्याची कड बाहेर दुमडायची. म्हणजे नळीवरून ओघळलेलं पाणी त्या दुमडीत थांबतं, बगलेपर्यंत पोचत नाही. वाफ होणाऱ्या औषधाला साधा मास्क चालत नाही. लेबलावर सांगितलं असेल तर कोळशाच्या गाळणीचाच मास्क लागतो.

गन धरणारा निदान दिसतो तरी. नळी ओढणारा दुसरा गडी मात्र थेट झाडाखालीच फिरत असतो आणि बहुतेकदा उघड्या डोक्याने. त्यालाही हाच पोशाख हवा. तिसरा माणूस पिंपापाशी. सर्वांत धोक्याचं काम त्याचं, कारण त्याच्या हातात औषध असतं ते मूळ रूपात. तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे औषध १० लिटर पाण्याला ३ मिली असं घेतलं, तर २०० लिटरच्या पिंपात जेमतेम ६० मिली जातं. हिशेब केला तर बाटलीतलं १ मिली म्हणजे तयार पाण्यातलं सव्वातीन लिटरहून थोडं जास्तच. बोटावर सांडलेले चार थेंबसुद्धा लहान नव्हेत. मोजायला मापाचा पेला, ढवळायला काठी, हातात मोजे. तोटी तुंबली तर तोंडाने फुंकायची नाही. जादा तोटी आणि मऊ ब्रश खिशात ठेवायचा.

किनाऱ्यावरचा वारा हाही या कामातला एक गडी समजा. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि ऊन चढलं की खारा वारा उलट फिरतो. सकाळी फवारताना बागेच्या समुद्राकडच्या कडेपासून सुरुवात करावी आणि चढाच्या दिशेने मागे सरकत जावं. वारा पाठीवर राहतो आणि मारलेल्या झाडांचा तुषार आपल्यापासून दूर जातो. पण त्याच दिशेला वाडी असेल, तर कडेच्या झाडांसाठी वारा पडलेली वेळ धरावी आणि विहिरी झाकायला सांगावं. वारा फिरला की काम थांबवायचं. दोन पिंपं उरली म्हणून रेटायचं नाही.

तब्येत बिघडली तर? ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं नसांमधला संदेश थांबवणाऱ्या विकराला अडवतात. मग लाळ, घाम, डोळ्यांना पाणी, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर. पायरेथ्रॉइडने चेहऱ्याला मुंग्या आणि जळजळ. ‘उन्हाने झालं’ म्हणून सावलीत निजवण्यात मोलाचा वेळ जातो. कपडे ताबडतोब काढा, साबणाने अंग धुवा, शुद्ध हरपली असेल तर कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा. उलटी करवू नका. दूध किंवा लिंबू हा उतारा नव्हे. बाटली मात्र सोबत न्या. ऑरगॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन चालतं, इमिडाक्लोप्रिडवर असा नेमका उतारा नाही. कशाने झालं हे डॉक्टरांना बाटलीच सांगते.

कोकणातल्या बऱ्याच बागा करारावर जातात आणि राखणीपासून फवारणीपर्यंतची कामं अनेक ठिकाणी नेपाळहून आलेले गडी करतात. बागमालक म्हणतो, जबाबदारी करारदाराची. करारदार म्हणतो, गड्याला मोजे दिले तर तोच काढून ठेवतो. उकाड्यात तो काढणारच, म्हणून फवारणी सकाळीच उरकायची आणि माणसं आळीपाळीने लावायची. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि नियम १९७१ चे. त्या नियमांत संरक्षक कपडे, वैद्यकीय तपासणी, प्रथमोपचार, प्रशिक्षण सगळं आहे. करारात औषधाचा खर्च कोणाचा, पेट्रोल कोणाचं, हे लिहिलेलं असतं. त्याच कागदावर पोशाखाचा खर्च कोणाचा ही एक ओळ वाढवा. हंगामाच्या एकूण खर्चात ती रक्कम शोधावी लागेल इतकी लहान आहे.

(पुढच्या भागात : रिकाम्या बाटल्या, पिंपाचं धुवण आणि जांभ्या दगडातून विहिरीकडे जाणारं पाणी.)