मरिन ड्राइव्ह ग्रांप्री, फक्त कागदावर!

लेक्चर बोअर होत असेल, तर वहीचं मागचं पान उघडा आणि त्यावर एक रेसट्रॅक काढा. उगाच वेटोळं नाही हं. तुम्ही रोज ज्या रस्त्यांवरून कॉलेजला येता, त्याच रस्त्यांवर. कल्याणवाल्यांनी कल्याणमध्ये, नाशिकवाल्यांनी नाशिकमध्ये. जगभरातले रेसिंगवेडे हा खेळ वर्षानुवर्षं खेळतायत. साहित्य काय? एक नकाशा, अंतर मोजायची सोय (गुगल मॅप्सवर फुकट आहे) आणि आपल्या गावाबद्दल थोडा खडूसपणा.

आपण इथे दक्षिण मुंबई घेऊ. कारण सरळ आहे. समुद्राला लागून वळत गेलेला मरिन ड्राइव्ह बघून ज्याला कधीच मोनॅको आठवलं नाही, त्याने एफ-वन बघितलेलंच नाही.

पेन्सिल एअर इंडियाच्या जुन्या इमारतीपाशी ठेवा. समुद्राच्या बाजूच्या रस्त्याने उत्तरेकडे निघा. डावीकडे कट्टा आणि टेट्रापॉड, उजवीकडे आर्ट डेको इमारती. चर्चगेटचा सिग्नल मागे टाकायचा, जिमखाने सुरू झाले की दुभाजक ओलांडून थेट यू-टर्न घ्यायचा आणि पलीकडच्या रस्त्याने परत यायचं. हा आपला हेअरपिन, नाव ‘जिमखाना’. मग डावीकडे वीर नरिमन रोड, चर्चगेट स्टेशनसमोरून पुढे, इरॉस थिएटरला वळसा घालून उजवीकडे महर्षी कर्वे रोड. ओव्हल मैदानाच्या कडेने सुसाट खाली, उजवीकडे मादाम कामा रोड, मंत्रालयाच्या शेजारून पुन्हा समुद्र. लॅप पूर्ण. अंतर भरतं साधारण चार किलोमीटर.

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! आता नियमांची पट्टी लावू.

आंतरराष्ट्रीय मोटर स्पोर्ट महासंघ, म्हणजे एफआयए, ट्रॅकला दर्जा देते. एफ-वनचा ट्रॅक किमान साडेतीन किलोमीटरचा हवा, मोनॅको ३.३३७ किलोमीटरचा असूनही चालतो, पण तो मोनॅको आहे. आपण पास. सरळ पट्टा दोन किलोमीटरपेक्षा लांब नको. इथे गंमत आहे. मरिन ड्राइव्ह डोळ्यांना वळलेला दिसतो, पण एफआयएच्या हिशेबात वळण म्हणजे किमान ४५ अंशांचा बदल आणि तीनशे मीटरपेक्षा कमी त्रिज्या. क्वीन्स नेकलेसचा बाक त्यापेक्षा कितीतरी सैल आहे. म्हणजे ज्या वळणावर अख्खी हिंदी सिनेसृष्टी जगली, ते एफआयएच्या लेखी सरळ रस्ता! म्हणूनच हेअरपिन तारापोरवाला मत्स्यालयापर्यंत न्यायचा मोह आवरावा लागतो. तिथपर्यंत गेलो तर सरळ पट्टा दोन किलोमीटरच्या बाहेर जातो.

दुसरा मोह कोस्टल रोडच्या बोगद्याचा. मलबार हिलच्या पोटातून जाणारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे, आणि मोनॅकोतही बोगदा आहे. कुणालाही वाटेल की जमलं. पण जायला एक आणि यायला दुसरा बोगदा धरला की लॅप नऊ-दहा किलोमीटरची होते. एफआयएला सातपर्यंतच पुरे वाटतं. शिवाय बोगद्यात गाडी पेटली तर माणूस बाहेर कसा काढायचा? मोनॅकोचा बोगदा काही शे मीटरचा, इथे दोन किलोमीटर. पुसा.

पिट लेन हा या खेळातला सगळ्यात अवघड प्रश्न, आणि नवखे लोक तो विसरतातच. सगळ्या टीमची गॅरेजं, टायर, इंधन, स्ट्रेचर यांना ट्रॅकला चिकटून जागा लागते. जुन्या शहरात ती आणणार कुठून? आपल्या ट्रॅकने हे कोडं आपसूक सोडवलंय. कामा रोड ते चर्चगेट या टप्प्यात आपण मरिन ड्राइव्हची फक्त समुद्राकडची बाजू वापरली. इमारतींकडचे पदर रिकामेच आहेत. तिथे पिट, दुभाजकावर भिंत, समोर स्टार्टिंग ग्रिड. स्टार्टपासून पहिल्या वळणापर्यंत अडीचशे मीटर तरी हवेत, ते आरामात मिळतात.

खरी खोट वळणांत निघते. मोजा: जिमखाना, वीर नरिमन, इरॉस, मंत्रालय, एअर इंडिया. पाच! हैदराबादच्या हुसेनसागरकाठच्या ट्रॅकला अठरा होती, चेन्नईच्या आयलंड ग्राउंड्सच्या ट्रॅकला एकोणीस. पाच वळणांत ओव्हरटेकिंग होईल, पण ड्रायव्हरची परीक्षा होणार नाही. दोन शिकेन घालू, एक चर्चगेटच्या जंक्शनवर आणि एक ओव्हलपाशी. आकडा नऊवर गेला. सुंदर नाही, पण चालेल.

आता नकाशा मिटा आणि हा रस्ता प्रत्यक्ष चालून या. चालून, बाइकवर नाही. कारण पुढचं सगळं पायांनाच कळतं.

पहिली नजर मॅनहोलच्या झाकणांवर. २०१९ मध्ये बाकूला सरावात जॉर्ज रसेलच्या विल्यम्सने सुटलेलं झाकण उचललं आणि गाडीच्या तळाचा चुराडा झाला. २०२३ मध्ये लास वेगासला कार्लोस साइन्झच्या फेरारीचीही तीच गत, पहिलं सत्र आठ-नऊ मिनिटांत आटोपलं. रेसिंग कार जमिनीला इतकी चिकटून धावते की तिच्याखालची हवा झाकण वर खेचते. त्यामुळे स्ट्रीट सर्किटवर झाकणं वेल्डिंग करून टाकतात. आपल्या चार किलोमीटरवर ती किती आहेत, मोजायला घ्या. दोनशे मीटरमध्येच बोटं संपतील. आणि एक लक्षात येईल: एफ-वनच्या गाडीला जे झाकण धोक्याचं, ते स्कूटीच्या पुढच्या चाकालाही धोक्याचंच. फक्त स्कूटीसाठी वेल्डिंगवाला कुणी पाठवत नाही.

मग बघा, गाडी सुटली तर जाईल कुठे. ट्रॅकवर यालाच ‘रन-ऑफ’ म्हणतात. जिमखान्याच्या हेअरपिनला गाड्या तीनशेच्या आसपास वेगाने येतील, म्हणजे सेकंदाला त्र्याऐंशी मीटर. इथे ब्रेक चुकला तर पुढे रिकामा रस्ता आहे, तो तसाच मोकळा ठेवायचा. पण एअर इंडियाच्या वळणावर समोर फूटपाथ, मग कट्टा, मग टेट्रापॉड. तिथे टायरच्या राशी, काँक्रीटचे ठोकळे आणि जाळीचं कुंपण लागणार. म्हणजे रेसच्या दिवशी या टोकाच्या कट्ट्यावर कुणीही बसायचं नाही. कणीसवालाही नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी एक असतोच, जो रात्री दोनला याच पट्ट्यावर ‘फक्त एक राउंड’ मारतो. त्याला हाच नकाशा दाखवा. ऐंशीच्या वेगाने जाणारी बाइक सेकंदाला बावीस मीटर सरकते. समोर काहीतरी दिसणं आणि हात ब्रेकवर जाणं यातच एक सेकंद जातो. पूर्ण थांबेपर्यंत पन्नासहून जास्त मीटर गेलेले असतात, तेही रस्ता कोरडा असेल तर. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे बारावीच्या फिजिक्समध्ये मार्कांसाठी लिहिलंच आहे आपण. रेसर वेडा नसतो. त्याच्याभोवती कुंपण, मार्शल, लाल झेंडा आणि पाठोपाठ धावणारी मेडिकल कार असते. रात्री दोनच्या राउंडला यातलं काय असतं? रस्ता ओलांडणारा एक माणूस असतो, ज्याला आपण रेसमध्ये आहोत हे माहीतच नसतं. कायदाही स्पष्ट आहे. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली, तर मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर वर्षभरापर्यंत.

परवानगीचं निघालं म्हणून सांगते, आपल्या ट्रॅकला याचिकेसाठी लांब जावं लागणार नाही. ओव्हलच्या पलीकडेच हायकोर्ट आहे! आणि याचिकेत दमही असेल. ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. रस्ता खणून खांब रोवणं विसरा. सगळं तात्पुरतं आणि उचलून नेता येईल असं हवं. चेन्नईची रात्रीची रेस ऑगस्ट २०२४ अखेर झाली खरी, पण त्याआधी मद्रास हायकोर्टाची पायरी चढून. हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला-ई झाली, ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग राज्यात सरकार बदललं आणि २०२४ ची रेस रद्द झाली. दोन्हीकडे भांडण एकच: शहराचा पैसा आणि शहराचे रस्ते एका खेळासाठी किती दिवस द्यायचे?

मुंबईला रस्ते बंद करणं नवीन नाही. दर जानेवारीत मॅरेथॉनसाठी मरिन ड्राइव्ह बंद होतोच. ४ जुलै २०२४ ला टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप घेऊन टीम एनसीपीएहून वानखेडेला निघाली, तेव्हा तर रस्ता दिसतच नव्हता, फक्त डोकी. पण मॅरेथॉन काही तासांत आटोपते. रेसचे ठोकळे आणि कुंपण उभारायला आठवडे जातात, काढायलाही. तेवढ्या काळात चर्चगेटला उतरणारी ऑफिसची गर्दी नरिमन पॉइंटला पोहोचणार कशी? वीर नरिमन रोडखालचा सबवे स्टेशनपासची अडचण सोडवतो. भुयारी मेट्रो आणखी थोडी. पण केसी आणि एचआर कॉलेज ट्रॅकच्या बरोबर पोटात येतात. तिथल्या मुलांना रेसच्या शुक्रवारी अटेंडन्स माफ करावाच लागेल, हा आमचा ठाम आग्रह.

तारीख फेब्रुवारीतली धरा. पावसाळ्यात भरतीच्या वेळी लाटा कट्टा ओलांडून रस्त्यावर येतात. तेव्हा टायर कुठले लावायचे, हे पिरेलीलाही सुचणार नाही. आवाजाचं म्हणाल, तर पेट्रोलऐवजी इलेक्ट्रिक गाड्या बऱ्या. मजा थोडी कमी होईल. २०२३ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर डेव्हिड कुल्टहार्डने रेड बुलची एफ-वन कार पळवली होती. तो आवाज ज्यांनी ऐकलाय ते हे पटवून घेणार नाहीत, ठाऊक आहे. आणि हो, कुत्रे! २०११ मध्ये बुद्ध सर्किटवर, भारताच्या पहिल्या एफ-वन शर्यतीच्या पहिल्याच सरावाला एका कुत्र्याने लाल झेंडा दाखवायला लावला होता. तेही कुंपण घातलेल्या खास ट्रॅकवर. नरिमन पॉइंटची कुत्री तर इथली कायमची रहिवासी आहेत.

एक प्रश्न मात्र आमच्या पानावर अजून सुटलेला नाही. ट्रॅकच्या पोटात इमारती आहेत, त्यांत म्हातारी माणसं आहेत. रेस चालू असताना तिथे कुणाच्या छातीत दुखलं, तर अँब्युलन्स बाहेर कुठून काढायची? रेस थांबवून गेट उघडायचं, तर ते कुठे ठेवायचं? कामा रोडला ठेवलं तर पिटचं तोंड अडतं. ओव्हलच्या बाजूला ठेवलं तर शिकेनच्या ऐन मधोमध येतं. आम्ही चार वेळा खोडलंय. तुम्हाला जमलं तर जागा नकाशावर फुलीने दाखवून पाठवा.