कॉलेज बेसबॉल संघाची यादी आली, पण ती वाचायची कशी?

फेब्रुवारीच्या मध्यावर अमेरिकेत कॉलेज बेसबॉलचा हंगाम सुरू होतो. त्याआधी प्रत्येक कॉलेज आपल्या संघाची यादी आणि खेळाडूंची माहिती जाहीर करते. ज्यांचे भाऊ, मामू, चुलते तिकडे स्थायिक झालेत, अशा आपल्या घरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीतरी ती लिंक येऊन पडते. "आपल्या पोराचं नाव आलंय, बघा." उघडून पाहावे तर टोपी घातलेला फोटो आणि पुढे नुसती अक्षरे आणि आकडे. आपण मुबारकबाद देतो आणि मोकळे होतो. तेवढ्यात घरातली एखादी खाला विचारते, "ज्युनिअर लिहिलंय, म्हणजे अजून छोट्यांच्या टीममध्येच आहे का?"

प्रश्न साधा आहे, पण नेमका आहे. त्या यादीत सर्वांत महत्त्वाचा शब्द तोच आहे आणि आपल्याकडे त्याचाच अर्थ उलटा लागतो. म्हणून या लेखात आम्ही ही माहिती कशी वाचायची ते सांगणार आहोत. क्रिकेट कळणाऱ्या माणसाला हे अवघड नाही.

एक नमुना घेऊ

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे एलएसयू, हे कॉलेज बेसबॉलमधले मोठे नाव. २०२३ च्या हंगामाआधी त्यांच्या यादीत पॉल स्कीन्स या खेळाडूची ओळ होती. तिचा सारांश असा: क्रमांक २०, पिचर, आर/आर, ६-६, ज्युनिअर, गाव लेक फॉरेस्ट, कॅलिफोर्निया, शाळा एल टोरो, आधीचे कॉलेज एअर फोर्स.

क्रमांक म्हणजे जर्सीवरचा आकडा. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, आपल्या भाषेत गोलंदाज. 'आर/आर' मधले पहिले अक्षर फलंदाजी कोणत्या हाताने आणि दुसरे चेंडूफेक कोणत्या हाताने, हे सांगते. दोन्ही उजवे. पहिल्या जागी 'एस' असेल तर तो खेळाडू दोन्ही बाजूंनी फलंदाजी करतो. '६-६' म्हणजे सहा फूट सहा इंच. वजन पौंडात देतात. २२० पौंड म्हणजे सुमारे १०० किलो.

पिचरखेरीज कॅचर म्हणजे यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा, इनफिल्डर म्हणजे आतल्या चौकोनाजवळ उभा राहणारा आणि आउटफिल्डर म्हणजे सीमारेषेकडचा. 'युटिलिटी' लिहिलेला खेळाडू गरज पडेल तिथे उभा राहतो. इथपर्यंत सगळे सोपे आहे. खरी गोष्ट पुढच्या रकान्यांत आहे.

'ज्युनिअर' म्हणजे तिसरे वर्ष

अमेरिकेत पदवी चार वर्षांची. पहिल्या वर्षाचा फ्रेशमन, दुसऱ्याचा सोफोमोर, तिसऱ्याचा ज्युनिअर आणि चौथ्याचा सीनिअर. म्हणजे यादीतला ज्युनिअर हा कॉलेजची दोन वर्षे काढलेला, वीस-एकवीस वर्षांचा तरुण असतो. नावापुढे 'रेडशर्ट' असा शब्द दिसला तर त्याने एखादा हंगाम दुखापतीमुळे किंवा प्रशिक्षकांच्या निर्णयाने न खेळता काढला आणि खेळण्याचा हक्क पुढे राखून ठेवला. 'ग्रॅज्युएट' म्हणजे पदवी झाली, आता पुढच्या अभ्यासक्रमात शिकत उरलेला हंगाम खेळतोय. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेचा आजवरचा मूळ नियम पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम असा आहे.

तिसऱ्या वर्षाला एवढे महत्त्व का? कारण व्यावसायिक संघ दर जुलैमध्ये ड्राफ्ट घेतात, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. मुलगा बारावीनंतर थेट निवडला जाऊ शकतो. पण एकदा चार वर्षांच्या कॉलेजात दाखल झाला, की साधारणपणे तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे होईपर्यंत त्याला थांबावे लागते. म्हणून ज्युनिअरचा हंगाम निर्णायक ठरतो. त्या वर्षी निवड झाली तर त्याच्या हातात एक पत्ता असतो: पैसे पटले नाहीत तर "मी परत कॉलेजात जातो" असे तो म्हणू शकतो. सीनिअरकडे हा पत्ता उरत नाही, म्हणून त्याला मिळणारी रक्कमही बहुधा कमी असते. 'ज्युनिअर' आणि 'सीनिअर' या दोन शब्दांत एका घराच्या आर्थिक फैसल्याचा फरक असतो.

गाव आणि आधीचे कॉलेज

पुढचा रकाना गावाचा, शाळेचा आणि आधीच्या कॉलेजचा. आपण तो सोडून देतो, पण मुलाची सगळी वाट तिथे असते. स्कीन्सच्या नावापुढचा 'एअर फोर्स' हा शब्द पाहा. तो अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत शिकत होता, पिचिंगही करायचा आणि कॅचर म्हणूनही खेळायचा. तिथे तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू केले की पदवीनंतर काही वर्षे लष्करी सेवा बंधनकारक होते. त्यामुळे दुसरे वर्ष संपताना त्याला ठरवावे लागले. २०२२ मध्ये तो अकादमी सोडून एलएसयूत आला. त्या एका शब्दामागे वर्दी की चेंडू, असा प्रश्न होता.

त्याच यादीत आउटफिल्डर डिलन क्रूझ होता, तोही ज्युनिअर. फ्लोरिडातल्या शाळेतून तो बाहेर पडला २०२० मध्ये. त्या वर्षी कोरोनामुळे ड्राफ्ट फक्त पाच फेऱ्यांचा झाला. क्रूझने आपले नाव मागे घेतले आणि कॉलेजचा रस्ता धरला.

आजकाल या रकान्यात दोन-तीन कॉलेजांची नावे सर्रास दिसतात. २०२१ पर्यंत एका मोठ्या कॉलेजातून दुसऱ्यात गेलेल्या बेसबॉल खेळाडूला साधारणपणे एक हंगाम बाहेर बसावे लागायचे. ती अट सैल झाली आणि ये-जा वाढली. दोन वर्षांच्या 'ज्युनिअर कॉलेज'मधून येणारेही पुष्कळ असतात. पालकांनी मात्र इथे एक प्रश्न विचारायला हवा: कॉलेज बदलताना आधीच्या अभ्यासक्रमाचे सगळे क्रेडिट नव्या ठिकाणी धरले गेले का? संघ बदलणे सोपे झाले म्हणून पदवी तितक्या सहज पुढे सरकत नाही.

आकडे कसे वाचायचे

फलंदाजाच्या नावापुढे .३०० असा आकडा दिसतो. हा सरासरी धावांचा हिशेब नव्हे. दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि तीनदा स्वतःच्या फटक्यावर बेसवर पोहोचला, म्हणजे .३००. क्रिकेटच्या नजरेने दहातून सात वेळा अपयश म्हणजे वाईट वाटते, बेसबॉलमध्ये हा चांगला फलंदाज. २०२३ मध्ये क्रूझचा आकडा होता .४२६, सोबत १८ होम रन.

पिचरसाठी 'ईआरए' पाहायचा. क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून नऊ इनिंगमागे त्याने किती धावा दिल्या, हा तो आकडा. जितका लहान तितका चांगला. बेसबॉलच्या एका इनिंगमध्ये तीन गडी बाद करायचे असतात आणि सामना नऊ इनिंगांचा, हे लक्षात ठेवले की पुरे. स्कीन्सचा त्या हंगामातला ईआरए १.६९ होता आणि त्याने २०९ फलंदाज स्ट्राइकआउट केले. त्याच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये एका हंगामातला हा विक्रम होता. आधीचा २०२ चा विक्रम १९८९ पासून टिकून होता.

पण हंगामाआधीच्या यादीत दिसणारे आकडे मागच्या वर्षाचे असतात. फ्रेशमनच्या नावापुढे फक्त शाळेतल्या कामगिरीचे कौतुक असते. ते लिहिणारा कॉलेजचाच माणूस, तेव्हा थोडे मीठ-मसाला धरूनच चालावे.

एलएसयूच्या त्या संघाचे पुढे काय झाले? जून २०२३ मध्ये ओमाहा शहरात त्यांनी कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकली. जुलैमधल्या ड्राफ्टमध्ये स्कीन्स पहिला आणि क्रूझ दुसरा निवडला गेला. एकाच कॉलेजचे दोन साथीदार पहिल्या दोन जागांवर जाण्याची ती पहिलीच वेळ. दोघांशी नव्वद लाख डॉलर किंवा त्याहून जास्तीचे करार झाले. स्कीन्स २०२४ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित आणि २०२५ मध्ये त्याच लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला.

बाकीच्यांचे काय?

इथेच आम्हाला थांबावेसे वाटते. असे आकडे वाचले की घराघरांत स्वप्ने पडतात, आणि पडावीत. पण थोडा साधा हिशेब करू. कॉलेज खेळांच्या वरच्या विभागात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, बेसबॉलचे सुमारे ३०० संघ आहेत. एका संघात साधारण ३४ खेळाडू धरले तर दहा हजारांच्या आसपास तरुण झाले. ड्राफ्ट २० फेऱ्यांचा आणि व्यावसायिक संघ ३०, म्हणजे जेमतेम सहाशेच्या वर जागा. त्यातही काही थेट शाळेतल्या मुलांना जातात. निवड झालेल्यांपैकी बहुतेक जण आधी छोट्या व्यावसायिक संघांत खेळतात आणि अनेकजण तिथूनच परततात. यादीत दिसणाऱ्या बहुतेक चेहऱ्यांसाठी कॉलेजचा शेवटचा सामना हाच बेसबॉलचा शेवटचा सामना असतो.

आणि पैसा? "सिलेक्शन झालं म्हणजे शिक्षण फुकट" हा आपल्याकडचा पक्का समज. बेसबॉलमध्ये तो कधीच पूर्ण खरा नव्हता. कित्येक वर्षे संपूर्ण संघासाठी ११.७ इतक्याच पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या तुकडे करून दोन डझनांहून जास्त खेळाडूंत वाटल्या जायच्या. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका समझोत्यानंतर चित्र बदलले. त्यात सामील झालेल्या कॉलेजांना संघात ३४ खेळाडूंची मर्यादा आली आणि शिष्यवृत्तीवरची मर्यादा उठली. कॉलेजने ठरवले तर सगळ्या ३४ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, पण ती द्यायलाच हवी अशी सक्ती नाही. दुसऱ्या बाजूने, ज्या संघांत आधी ४० मुले असायची तिथे शेवटच्या काहींची जागा गेली. डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच.

कोणाला किती शिष्यवृत्ती आहे, हे त्या यादीत लिहिलेले नसते. शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेल्याला 'वॉक-ऑन' म्हणतात, त्याचाही फोटो बाकीच्यांसारखाच झळकतो. म्हणून फोटो पाहून खर्चाचा अंदाज बांधू नये.

तालीमचा रकाना

अनेक कॉलेजांच्या पानांवर खेळाडूच्या नावावर बोट ठेवले की आत आणखी माहिती उघडते. तिथे खाली कुठेतरी 'मेजर' म्हणजे मुख्य विषय लिहिलेला असतो: बिझनेस, किनेसिऑलॉजी, इंजिनीअरिंग. काहींच्या नावापुढे अभ्यासातल्या गुणांमुळे मिळालेला सन्मानही दिसतो. आमच्या मते पालकांनी पहिल्यांदा वाचावी ती ही ओळ. नियमही तेच सांगतात. डिव्हिजन वनमध्ये यायचे तर हायस्कूलमध्ये १६ ठरावीक मुख्य विषय आणि किमान २.३ ची सरासरी लागते. खेळत राहायचे तर पूर्णवेळ विद्यार्थी असावे लागते आणि दरवर्षी पदवीच्या दिशेने ठरलेली प्रगती दाखवावी लागते. हंगामात ५६ पर्यंत सामने आणि त्यात लांबचे प्रवास. विमानात आणि बसमध्ये बसून अभ्यास करायचा म्हणजे खेळाइतकीच मेहनत.

इथून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिकडे आता खेळाडू आपले नाव आणि चेहरा जाहिरातीसाठी वापरू देऊन कमाई करतात. विद्यार्थी व्हिसावर कामाची बंधने असल्याने परदेशी मुलांसाठी ती कमाई सरळसोट नाही. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय कशावर सही करू नये.

आणि पैसे घेऊन "प्रोफाइल बनवून देतो" म्हणणाऱ्यांपासून जरा सावध. कुणीही बनवलेली प्रोफाइल म्हणजे निवड नव्हे. कॉलेजच्या स्वतःच्या क्रीडा विभागाच्या यादीत नाव आले, तरच तो मुलगा त्या संघात आहे.

तेव्हा पुढच्या वेळी अशी लिंक आली की मुबारकबाद जरूर द्या. मग फोन करून तीन गोष्टी विचारा. बेटा, कितव्या वर्षाला आहेस? शिष्यवृत्ती किती आणि ती दरवर्षी मिळणार का? आणि पदवी कधी, कशात होणार? घरच्यांनी हे विचारले की पोरालाही बरे वाटते, कारण बाकी सगळे त्याला फक्त स्कोअर विचारत असतात.

खालाच्या प्रश्नाचे उत्तर आता आपल्याकडे आहे. नाही खाला, तो छोट्यांच्या टीममध्ये नाही. तिसऱ्या वर्षात आहे, आणि यंदा त्याला मोठा फैसला करायचा आहे. दुआ करा.